दादरच्या गर्दीत तपासा, मग खोक्यावर आकडे छापा

काल संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये चढत असतानाच आत्याचा फोन आला. आतोबांना मिरजेला रुग्णालयात दाखल केले आहे आणि तिकडे न मिळालेले एक औषध मुंबईतून रात्रीच्या बसने पाठवायचे होते. त्याचे नाव ती सांगणार होती. माझा एक हात वरच्या कडीला, दुसरा पर्सवर, फोन पर्सच्या तळाशी आणि कानात ते वायरलेस इअरबड्स, जे नेमके अशाच वेळेसाठी घेतले होते. शेजारच्या बाईंचा खांदा माझ्या डाव्या कानावर दाबला गेला. त्यांचा काहीच दोष नव्हता, त्यांना मागून लोटले होते. बडने मात्र तो दाब म्हणजे माझे बोट समजून फोन कापला. 'दोन सेकंद दाबून धरल्यास येणारा कॉल नाकारला जाईल' असे माहितीपत्रकात बारीक ठशात लिहिलेले आहे. आत्याने पुन्हा फोन केला. या वेळी मान वळवून कान मोकळा ठेवला, तर घामाने चिकटलेली केसांची बट बडवर आली आणि बोलणे सुरू होताच तुटले. पुढे तर फोनमधली व्हॉइस असिस्टंट जागी झाली आणि माझ्या कानात इंग्रजीतून विचारू लागली की तिने माझी काय मदत करावी. अंधेरीला काही बायका उतरल्यावर बड काढून फोन थेट कानाला लावला, तेव्हा पलीकडून पहिले वाक्य आले ते असे : "अगं, कामात असशील तर तसं सांग ना, फोन कशाला कापतेस?"

रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या बाईला तिच्या भाचीने फोन कापला असे वाटले, ही गोष्ट मी विसरणार नाही. औषध पोहोचले, आतोबा आता बरे आहेत, पण आत्याच्या मनात जे राहिले त्याची भरपाई कोणत्या वॉरंटीत बसते?

या टच नावाच्या प्रकाराचा मला मनापासून संताप आहे. हा पृष्ठभाग विद्युतभारातला बदल ओळखतो. त्याला बोट, कानाची पाळी, ओले केस, ओढणीचा भिजलेला पदर आणि पावसाचा थेंब यांतला फरक कळत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात आणि मेमध्ये घाम अशा शहरात ओल्या त्वचेला फसणारे बटण विकायचे आणि वर ते 'स्मार्ट' म्हणून मिरवायचे, हा निव्वळ उद्दामपणा आहे. शिवाय बड घसरू लागला की तो परत आत ढकलायला जिथे बोट लावावे लागते, नेमकी तीच जागा टचची. म्हणजे बड सावरावा तर गाणे थांबते, न सावरावा तर बड पडतो. दाबल्यावर टक् असा आवाज करणारे एक खरेखुरे बटण बसवायला असा किती खर्च येतो? कंपनीच्या अॅपमधून टच बंद करता येतो असे सांगतात. माझ्या बडच्या अॅपने आधी खाते उघडायला लावले, मग माझे स्थान आणि संपर्क मागितले आणि इतके करून फक्त गाण्यांचे टच बंद करू दिले. कॉलचे तसेच राहिले.

आता माइककडे वळते, कारण खरी फसवणूक तिथे आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत 'ईएनसी' छापलेले असते आणि निम्मे ग्राहक ते 'एएनसी' समजून घेतात, याची छापणाऱ्यांना पूर्ण कल्पना असते. एएनसी म्हणजे आपल्या कानात येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणे. ईएनसी म्हणजे आपण बोलताना समोरच्याला ऐकू जाणारा गोंगाट कमी करणे. आपल्या कानाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. समोरच्याला तरी होतो का? माइक असतो कानात, तोंड असते वीतभर दूर, आणि मधे पंखे, रूळ, दारातला वारा आणि डबाभर बोलणे. गोंगाटातून माझा आवाज वेगळा काढण्याचे काम एका स्वस्त चिपवर टाकलेले असते आणि ती चिप गोंगाटाबरोबर माझे अर्धे शब्दही कापून टाकते. कार्यालयातले सहकारी मला सरळ सांगतात की तू विहिरीत बसून बोलतेस. त्यात आणखी एक गोष्ट खोक्यावर कधीच लिहिलेली नसते. कॉल सुरू झाला की ब्लूटूथ गाण्यांचा मार्ग सोडून बोलण्याच्या मार्गावर जाते आणि तिथे ध्वनीचे नमुने बहुतेक बडमध्ये सेकंदाला ८,००० किंवा १६,००० घेतले जातात (नमुने जितके कमी, तितका आवाज बोदा); गाण्यांसाठी हाच आकडा साधारण ४४,१०० किंवा त्याहून जास्त असतो. म्हणून 'एलडॅक, ९९० केबीपीएस' (ब्लूटूथवरून गाणी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवण्याची पद्धत) असे सोनेरी अक्षरांत छापलेले बडसुद्धा फोनवर बोलताना त्या ९९० पैकी काहीही वापरत नाहीत. ज्या कामासाठी मुंबईतली बाई दिवसभर बड घालते, त्या कामाबद्दल खोक्यावर एकही आकडा नाही.

आणि हे आपल्याला आधी कळावे कसे? परीक्षणे करणारी मंडळी बंद खोलीत, फोम लावलेल्या भिंतींपुढे, निळ्या-जांभळ्या दिव्यांत बसून केसचे, म्हणजे बड ठेवायच्या आणि चार्ज करायच्या डबीचे, झाकण उघडझाप करून दाखवतात. झाकणाच्या टक् आवाजावर दोन मिनिटे, खोक्यात मिळालेल्या केबलवर एक मिनिट, आणि माइकची चाचणी म्हणजे त्याच शांत खोलीत लॅपटॉपवरून रहदारीचा आवाज लावणे. शेवटी 'या किमतीत उत्तम' हे ठरलेले वाक्य. या किमतीत म्हणजे काय? छापील किंमत ४,९९० आणि विक्री १,२९९ ला, वर्षाचे बारा महिने. मग त्या छापील किमतीला अर्थ काय उरला? संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभे राहून एक फोन करा, घामेजल्या कानात तो बड अर्धा तास टिकतो का ते पाहा, पाठीला बॅग आणि हातात छत्री असताना एका हाताने तो केसमध्ये परत घालून दाखवा. तेवढे परीक्षण मला पुरे आहे.

आवाजाबद्दल मी अन्याय करणार नाही. हजार-दीड हजारात आज जो आवाज मिळतो, तो काही वर्षांपूर्वी त्या किमतीत स्वप्नातही नव्हता आणि घरी, शांततेत, तो ऐकण्यासारखा असतो. पण या किमतीत जवळजवळ प्रत्येक कंपनीला बासचे वेड लागलेले आहे. '१३ मिमी ड्रायव्हर' (ड्रायव्हर म्हणजे बडमधला आवाज काढणारा पडदा) असे छापले की दणका आलाच पाहिजे, अशी त्यांची समजूत आहे. ड्रायव्हर किती मोठा यापेक्षा तो कसा जुळवला आहे याला महत्त्व असते, हे सांगायचे कोणी? मी ख्याल ऐकते. तबल्यातला डग्गा गायकाच्या पुढे येऊन बसतो, तानपुरा नुसता भुणभुणतो आणि शब्द शोधावे लागतात. ढोलकीची कडक थाप ऐकू यावी तर ती गादीवर मारल्यासारखी बसकी होते. गाडीत तर याच्या उलट. रुळांची घरघर आणि बास एकाच पट्ट्यातले, त्यामुळे घरघर बास गिळून टाकते, उरते ते चिरके टोक, आणि आपण आवाज वाढवत राहतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित, त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते. विरारहून चर्चगेटला रोज जाऊन-येऊन करणाऱ्यांनी हा हिशेब कसा सांभाळायचा? उत्तर खरे तर साधे आहे. रबरी टिप कानात घट्ट बसली की बाहेरचा आवाज आपोआप कमी होतो आणि बासही भरून येतो. पण खोक्यात तीन आकारांच्या टिपा येतात, माझा डावा कान लहान आणि मधल्या आकारांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि वेगळ्या टिपा मागाव्यात तर 'स्टॉकमध्ये नाहीत' हे कायमचे उत्तर.

घामाचे तर विचारूच नका. खोक्यावर घामाने निथळणारा, पळणारा तरुण आणि खाली 'आयपीएक्स ४'. हा दर्जा चहूबाजूंनी उडणाऱ्या साध्या पाण्याच्या शिंतोड्यांपुरता आहे. घामातल्या मिठाबद्दल तो काही सांगत नाही, आणि केसला बहुतेक वेळा तोही लागू नसतो. माझ्या आधीच्या जोडीच्या चार्जिंगच्या पिनांवर हिरवट गंज चढला आणि उजवा बड चार्ज होईना. वॉरंटीत होता म्हणून सेवा केंद्रात नेला, तर काउंटरवरच्या मुलाने भिंगातून पाहिले आणि पावतीवर लिहून दिले, 'द्रवामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही'. मी त्याच्यापुढे खोके ठेवले, त्या पळणाऱ्या तरुणाच्या कपाळावरचा घाम बोटाने दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, ते फक्त चित्र आहे." त्या मुलावर माझा राग नाही, त्याला तेवढेच बोलायची परवानगी असणार. राग आहे तो ते चित्र मंजूर करणाऱ्यावर.

मग बॅटरी. 'साठ तास' छापलेले असते ते केससकट, निम्म्या आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून. एका बडमध्ये साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर-अवरची इवलीशी बॅटरी, ती गोंदाने बंद केलेल्या कवचात, आणि वर्ष-दीड वर्षात तिची ताकद उतरू लागते. कॉलसाठी ज्या बाजूचा बड एकटा वापरला जातो, ती आधी जाते. लॅमिंग्टन रोडवर फोनचा बोर्ड सोडवून पुन्हा जोडणारे कारागीर बसतात; त्यांनीही तो बड हातात फिरवून परत केला. उघडला तर तुटेल, म्हणाले. तारेच्या इअरफोनला हे काहीच नव्हते. माइक हनुवटीजवळ, बटण खरे, चार्जिंग नाही, आणि कानातून निसटला तरी गळ्यात लोंबत राहायचा, फलाटाच्या फटीतून रुळांवर जायचा नाही. २०१६ मध्ये अॅपलने आयफोन ७ मधून तारेच्या इअरफोनचे ३.५ मिमीचे भोक काढले आणि मागोमाग इतरांनीही आपापल्या फोनमधून ते काढून टाकले. मग तेच लोक त्या भोकाची जागा भरायला आपल्याला बड विकू लागले.

सध्याच्या जोडीतला उजवा बड आता तासाभरात मान टाकतो. डावा ठणठणीत आहे, केस ठणठणीत आहे. कंपनीला लिहिले की मला फक्त उजवा हवा, पैसे द्यायला तयार आहे. उत्तर आले की बड सुटे विकले जात नाहीत, नवी जोडी घेतल्यास सवलत मिळेल. सुटा बड देणार नसाल तर नका देऊ. पण मग ते खोक्याच्या दर्शनी बाजूला लिहा, आणि ज्या ठशात 'साठ तास' छापता त्याच ठशात लिहा.