छत्तीस तासांचा खर्च आणि त्यानंतरचे आठ महिने

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात हवामान बदलावरील उपायांसाठी विद्यार्थ्यांची हॅकेथॉन (दोन दिवसांत छत्तीस तास गटाने बसून उपाय तयार करण्याची स्पर्धा) घ्यावी आणि तिच्यासाठी चार लाख रुपये उभे करावेत, या माझ्या लेखावर आपण सांगोल्याहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: हा पैसा टी-शर्ट, जेवणावळी आणि छायाचित्रांत जाईल, डाळिंबावरच्या तेल्या रोगावर संशोधकांना वर्षानुवर्षे झगडावे लागते, तेथे मुले छत्तीस तासांत काय करणार, प्रायोजक आपली प्रतिमा उजळून घेतील, आणि याच रकमेत एखाद्या पाझर तलावातला गाळ निघाला असता.

पहिला आक्षेप मला मान्य आहे, आणि तो केवळ तत्त्वतः नव्हे. माझ्या लेखातल्या अंदाजपत्रकात दोन लाख साठ हजार रुपये त्या दोन दिवसांवरच खर्च होणार होते आणि त्यांतले एक लाख रुपये बक्षिसांचे होते. आपली प्रतिक्रिया वाचून मी तो तक्ता पुन्हा समोर घेतला, तेव्हा काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात परीक्षक म्हणून गेलो होतो तो प्रसंग आठवला. जमिनीतला ओलावा मोजणारे एक सुबक यंत्र चार मुलींनी तेथे केले होते. त्यांना पहिले बक्षीस मिळाले, धनादेशासह छायाचित्र निघाले आणि पुढच्या वर्षी मी त्या यंत्राची चौकशी केली तेव्हा ते प्रयोगशाळेच्या कपाटात, बॅटरी काढून ठेवलेले सापडले. मुलींचा त्यात काही दोष नव्हता. ते यंत्र एखाद्या शेतात नेऊन लावायचे तर बसभाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता. माझ्याही नव्हता.

म्हणून तक्ता उलटा केला आहे. दोन दिवसांसाठी आता एक लाख वीस हजार रुपये आहेत. त्यांतले सत्तर हजार जेवण-चहाचे आणि पन्नास हजार सेन्सर, बॅटऱ्या व इतर सुट्या भागांचे. (पिझ्झ्याचा आपण केलेला उल्लेख वाचून हसू आले. सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असताना तो मागवण्याचा विचार माझ्याही मनात नव्हता.) उरलेले दोन लाख ऐंशी हजार त्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी राखले आहेत: निवडलेल्या चार गटांना प्रत्येकी पन्नास हजार आणि प्रवास व सुटीतल्या विद्यावेतनासाठी ऐंशी हजार. रोख बक्षीस नाही.

आठ महिने का, हे सांगणे आवश्यक आहे, कारण एरवी निधी मागताना वेळापत्रकाकडे कोणी पाहत नाही. महाविद्यालयांना सोयीचा काळ फेब्रुवारीचा असतो. सोलापूरचा उन्हाळा मात्र एप्रिल-मेमध्ये ४४ अंशांच्या आसपास जातो आणि नेमक्या त्याच वेळी विद्यापीठाच्या परीक्षा असतात. त्या संपल्या की वसतिगृहे रिकामी होतात. उदाहरणार्थ, पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरांत दुपारी आणि मध्यरात्री किती तापमान असते, हे एखाद्या गटाला मोजायचे आहे. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो, तो पत्र्याखालच्या माणसाला लागू पडत नाही. काही शे रुपयांत होणारी नोंदणी-यंत्रे पन्नास ठिकाणी टांगून, अर्ध्या छतांना चुना मारून आणि अर्धी तशीच ठेवून फरक पाहणे हे पदवीच्या मुलांना सहज जमण्याजोगे काम आहे. परंतु ते करायचे मे महिन्यात, आणि मेमध्ये त्या मुलांनी गावी न जाता येथे राहावे यासाठी कोणीतरी पैसे द्यावे लागतात. फेब्रुवारीत दिलेले बक्षीस हे काम करून घेत नाही.

आता तेल्याविषयी. आपण म्हणता तसे औषध शोधणे हे या मुलांचे काम नव्हे, आणि मी तसे सुचवलेही नव्हते. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ ज्वारी आजही आपल्या रब्बीचा आधार आहे, आणि असे वाण दोन दिवसांत निघत नाही. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याच्याशी स्पर्धा करण्याचा मूर्खपणा कोणी करू नये. पण तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि दमट हवेत तो पसरतो, म्हणून मृग बहारात (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या बहारात) त्याचा त्रास अधिक, हे मला आपल्याला सांगायला नको. अवकाळी आणि लांबलेल्या पावसाने हे गणित आणखी बिघडते. असे असताना आपल्या बागेत पान किती तास ओले राहिले, याची नोंद आपल्याकडे आहे काय? बहुतेक बागायतदार फवारणी तारखेवर किंवा शेजाऱ्याकडे पाहून करतात, असे मला अनेकांनी सांगितले आहे. पानाचा ओलेपणा तासागणिक टिपणारे स्वस्त यंत्र ही छत्तीस तासांत सुरू होऊ शकणारी गोष्ट आहे आणि ती खरी की खोटी, हे जून ते सप्टेंबरमध्ये बागेतच ठरेल.

प्रायोजकांबद्दलची आपली शंका रास्त आहे, तथापि तिची तड मी वेगळ्या ठिकाणी लावतो. या जिल्ह्यात मोठी देणगी देऊ शकणारे हात म्हणजे साखर कारखाने, वस्त्रोद्योग आणि १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. ऊस, पाणी आणि कोळसा यांच्याशी ज्यांचा संबंध नाही असाच पैसा घ्यायचा ठरवले, तर सोलापुरात कार्यक्रम होणार नाही. मी पैसा नाकारत नाही, अटी घालतो. विषय निवडण्याच्या समितीत प्रायोजकाचा माणूस नसेल, मोजलेले आकडे सर्वांसाठी खुले राहतील आणि मंचामागे कोणाचा फलक लागणार नाही. एका कारखान्याकडून ‘उसाचा विषय तेवढा वगळा’ असा निरोप आला होता. ती देणगी आम्ही घेतली नाही, आणि अंदाजपत्रकात तिची जागा अजून रिकामी आहे.

कायद्याची एक बाजू आपल्या म्हणण्याला बळ देते, म्हणून मुद्दाम नोंदवतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. मात्र मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात यांसारखे एकवेळचे कार्यक्रम त्यात धरले जाणार नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. म्हणजे नुसत्या दोन दिवसांच्या हॅकेथॉनसाठी या निधीची मागणी करणे मुळातच कच्चे आहे. शिक्षण आणि पर्यावरण हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मागणी करायची तर आठ महिन्यांच्या पूर्ण प्रकल्पाची, आणि तीही नोंदणीकृत संस्थेमार्फतच करावी लागेल. माझ्या मूळ लेखात हे आले नव्हते, ती चूक माझी.

गाळाविषयी एवढेच म्हणतो की त्यासाठी २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना आहे आणि तलाव गाळाने भरले आहेत हे कोणी नाकारत नाही. शहराला चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे खापर हवामान बदलावर फोडू नका, हेही आपले म्हणणे मला पटते. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. ती मायनसमध्ये जाते, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरते, त्याला पाऊस आणि वाटप दोन्ही कारणीभूत आहेत, आणि वाटपाचा भाग मुलांच्या यंत्राने सुटणारा नाही. तो विषय मी यादीतून काढला आहे.

आपल्याला एक विनंती आहे. पानाच्या ओलेपणाचा विषय मांडण्यासाठी बागायतदार हवा आहे. तो मुलांपुढे अर्धा तास बोलेल आणि नंतर जूनपासून आपल्या बागेतल्या चार झाडांवर यंत्र लावू देईल. आपण तयार असाल तर सोलापूर-सांगोला प्रवासाचा खर्च त्या ऐंशी हजारांत धरलेला आहे, मुलांच्या जेवणाचा भार आपल्यावर पडणार नाही, आणि यंत्र निकामी निघाले तर तसे जाहीरपणे लिहिण्याचा अधिकार आपल्याकडे राहील.

कळावे.

ता. क. सुधारित तक्ता मूळ लेखाखाली जोडला आहे. त्यातली एखादी रक्कम आपल्याला अजूनही फुगवलेली वाटली, तर कृपया ओळ सांगून लिहावे.