बोर्ड सर्टिफिकेट विकत मिळत नाही, मावशी

मुलीकडे अमेरिकेत गेलेल्या माझ्या मावशीने फिजिशियनची ठरलेली वेळ परस्पर रद्द केली आणि कारण म्हणून मला एक फॉरवर्ड पाठवला. अमेरिकेतील इंटर्नल मेडिसिनचे (प्रौढांच्या आजारांवर औषधोपचार करणाऱ्या शाखेचे) ‘बोर्ड सर्टिफिकेट’, म्हणजे त्या शाखेतल्या तज्ज्ञतेचे प्रमाणपत्र, पैसे मोजून मिळते, डॉक्टर पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देतात, रुग्णाला त्याचा काडीचाही उपयोग नसतो, तेव्हा असल्या डॉक्टरांपेक्षा घरगुती उपाय बरे, असा त्याचा एकूण सूर आहे.

पहिला मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. शुल्क भरावे लागते, पण ते परीक्षेला बसण्याचे. १९३६ साली स्थापन झालेले अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिन परीक्षेला बसू देते तेच मुळी छत्तीस महिन्यांची मान्यताप्राप्त रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) पूर्ण झाल्यावर, आणि तेही प्रशिक्षणप्रमुखांनी उमेदवार सक्षम असल्याचे कळवल्यावर. परीक्षा केंद्रात दिवसभर चालते आणि प्रश्न सहसा रुग्णाच्या हकिगतीच्या रूपात येतात: साठीच्या बाई, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आठवडाभर चक्कर, रक्तातले सोडियम घटलेले, आता काय कराल? मावशी स्वतः नेमकी हीच गोळी घेते. पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक नापास होतो; विकत मिळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत असे होत नाही.

उघड्या पुस्तकाची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. २०२२ पासून सर्टिफिकेटच्या नूतनीकरणासाठी दर तिमाहीला तीस प्रश्न सोडवण्याचा पर्याय आहे, त्यात संदर्भ पाहता येतात, मात्र प्रत्येक प्रश्नाला चारच मिनिटे मिळतात. पहिल्या परीक्षेला ही सवलत नाही. नूतनीकरणाच्या जाचाबद्दल डॉक्टरांचा राग रास्त होता. २०१५ मध्ये बोर्डाचे प्रमुख रिचर्ड बॅरन यांनी त्याबाबत आपले चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. शिवाय १९९० पूर्वी मिळालेल्या सर्टिफिकेटला मुदतच नाही, हा भेदभाव मलाही पटत नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. २०२४ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रुग्णालयांतील नव्या डॉक्टरांची पाहणी केली होती. परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवलेल्या चतुर्थांश डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये सात दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांशाच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी कमी आढळले. संशोधकांत बोर्डाचीही माणसे होती आणि हा निष्कर्ष नूतनीकरणाला लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे. पण ‘काडीचाही उपयोग नाही’ या वाक्याची वासलात लावायला तो पुरेसा आहे.

सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे, डॉक्टरकीचा परवाना राज्याचे वैद्यकीय मंडळ देते, एवढे तरी फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक हवे होते. बोर्डाच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव टाकले की सर्टिफिकेट चालू आहे की नाही ते विनामूल्य दिसते. मावशीच्या फिजिशियनचे चालू आहे. वेळ पुन्हा मिळाली आहे, पण तीन आठवड्यांनंतरची.