जिभेवरची परीक्षा

लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये टर्बाइन हॉलच्या जमिनीवर एक लांबलचक वण आहे. २००७ साली कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी तिथं १६७ मीटरची भेग पाडली होती. नाव, ‘शिबोलेथ’. बायबलातल्या कथेत नदी ओलांडायच्या जागी माणसांना हा शब्द म्हणायला लावत; ‘श’चा ‘स’ झाला की परका म्हणून ठार करत. प्रदर्शन संपलं, भेग बुजवली, वण राहिला. गोव्याहून पाहुणा आला की मी त्याला आधी तो दाखवतो.

गेल्या डिसेंबरात चुलतभावाचा फोन आला. पणजीत स्थलांतरावरचं एक प्रदर्शन बघून तो वैतागला होता. “दादा, हे सगळं सीरिया-पॅलेस्टाईनचं. आमच्या गोंयांत हाचें काम कितें?”

मला हे अजिबात पटलं नाही. पोंबुर्प्याचे वामोना नावेलकर शिष्यवृत्तीवर लिस्बनला चित्रकला शिकत होते. १९६१ला गोवा भारतात आल्यानंतर भारताविरुद्धच्या निवेदनावर त्यांनी सही केली नाही, शिष्यवृत्ती गेली. मग मोझांबिक, आणि त्या देशाच्या स्वातंत्र्यानंतर तिथली छावणीतली कैद. तिथून लिस्बनला परतताना रेखाटनांनी भरलेली बॅग हरवली, ती कायमचीच. निम्म्या आयुष्याचं काम! शेवटी ते गावी परतले, पण गोव्यानेही त्यांना बरीच वर्षं फारसं विचारलं नाही. स्थलांतराचं चित्र काढायला याहून गोंयकार माणूस कुठून आणायचा? आणि साळावली धरणाखाली गेलेलं गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, कुर्डी? मे महिन्यात पाणी ओसरलं की तिथले लोक आपल्या जोत्यांवर जाऊन उभे राहतात.

इथं भाड्याची खोली जाहिरातीत रिकामी असते. फोनवर माझे उच्चार ऐकले की ती नुकतीच गेलेली असते. अशा वेळी मला फोंड्याचा बाजार आठवतो. बोलण्याचा हेल ऐकून ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा, ठरवायला आम्हांला दोन वाक्यंही लागत नसत. म्हणून ते प्रदर्शन मला आपलं वाटतं. आणि तिथल्या भिंती रंगवणाऱ्या, चौकटी टांगणाऱ्या कामगारांनाही ते निवांत बघायला मिळायला हवं, त्यांच्या भाषेतल्या पाट्यांसकट.

आमच्या अंगणातलं तुळशीवृंदावन विजापूरकडच्या एका गवंड्याने बांधलं. त्याची कोकणी लिंगात चुकायची, आम्ही मुलं त्याला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचो. तोही म्हणायचा. आई रोज तिथं दिवा लावते. परवा फोनवर तिला त्याचं नाव विचारलं. तिला आठवेना. घरात सगळे त्याला ‘घाटी’च म्हणत होतो.