चार वर्षं शिवून बंद असलेला खिसा

माझा पहिला ब्लेझर चार वर्षं माझा नव्हताच. मुलाखतीसाठी घेतला, मग वर्षाकाठी एखादं प्रेझेंटेशन, एखादा समारंभ, की परत कव्हरमध्ये. चौथ्या वर्षी बाहीचं निघालेलं बटण लावायला बसले, तेव्हा कळलं की याचे खिसे खोटे नाहीतच. नुसते कच्च्या टाक्याने बंद केलेत. टांगून टांगून आकार जाऊ नये म्हणून तसे शिवून पाठवतात, घेणाऱ्याने उसवायचे असतात. आणि मी बावळट चार वर्षं चष्मा हातात धरून फिरले! मागच्या कटावर, म्हणजे पाठीखालच्या उभ्या चिरेवर, दोऱ्याची फुली होती, तीही तशीच. म्हणजे पाठमोऱ्या प्रत्येक फोटोत ती आहे.

त्या दिवशी ब्लेडने टाके काढले, खिशात हात घातला आणि पहिल्यांदा आरशात मी दिसले, ब्लेझर नाही.

म्हणून 'ब्लेझर कशावर घालावा' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी खांदा बघा. कंबर आत घेता येते, शिवणीत माया (आत दुमडलेलं जादा कापड) असेल तर थोडी सोडताही येते, बाही आखूड होते (बाहीची काजं खरी कापलेली असतील तर तेही अवघड). खांदा मात्र बदलणं म्हणजे कोट जवळजवळ नव्याने शिवणं. दुसरी गोष्ट मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात त्या घेराची. सैल मुंढा म्हणजे आराम, असं सगळ्यांना वाटतं. घालून हात वर करून बघा: मुंढा खोल असेल तर अख्खा कोट हाताबरोबर कानापर्यंत येतो. काखेजवळ बसणारा मुंढा असेल तर फक्त बाही हलते.

सूटचा कोट जीन्सवर घालावा का? माझं मत, बहुतेक वेळा नाही. गुळगुळीत, बारीक विणीच्या लोकरी कापडाचा कोट जीन्सवर पाहिला की वाटतं, पँट लाँड्रीतून आलीच नाही बहुतेक. लिनन, कॉर्डरॉय, जाड फ्लॅनेल असेल तर बिनधास्त. मी आत मळखाऊ टीशर्ट घालते, बाह्या कोपरापर्यंत सारते, अस्तर दिसतं. एका मैत्रिणीला ते बघवत नाही. तिचं बरोबर आहे, चुण्या पडतात. पडू देत.

एवढं सोवळं पाळायचं तरी कशाला? ब्लेझर मुळात खेळाचा कपडा. केंब्रिजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबच्या लालभडक जॅकेटांवरून ('ब्लेझ' म्हणजे भडका) हे नाव पडलं असं मानतात. म्हणजे नाव वल्हवणाऱ्या पोरांचं जॅकेट! सूटचंही सोवळं कधीच मोडलंय. 1966 मध्ये फ्रेंच डिझायनर इव्ह सॅं लोराँनी पुरुषांचा टक्सिडो (समारंभाचा काळा सूट) बायकांच्या अंगावर चढवला, आणि सत्तरच्या दशकात इटलीच्या डिझायनर अर्मानींनी कोटातलं पॅडिंग, अस्तर काढून त्याची ऐट मोडली. मोठ्या मोठ्यांनी उसवाउसवी केली, आपण निदान खिसे तरी उसवावेत.

परवा दुसरा ब्लेझर घेतला. घरी आल्या आल्या आधी ब्लेड शोधलं. उजवा खिसा उघडला. डावा उसवत गेले, उसवत गेले... तो खरोखरच खोटा निघाला.