एएमडी ही इंटेलची नक्कल नव्हे

नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षासाठी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात एएमडी या कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पसंत केला होता. ऐन वेळी तो सोडून तिने तेवढ्याच पैशांत इंटेल या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा, ८ जीबीचा घेतला, कारण आदल्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश येऊन पडला होता. एएमडी ही इंटेलची नक्कल आहे, तिच्यावर इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर चालत नाहीत, ती तापून जळते आणि ज्याचे गिगाहर्ट्झ (म्हणजे घड्याळाचे दर सेकंदाचे ठोके) जास्त तोच प्रोसेसर वेगवान, असे त्यात ठासून लिहिले आहे. हाच संदेश याआधी मला तिघांनी पाठवला होता आणि मी गप्प राहिलो होतो, याचे आता वाईट वाटते.

नक्कल आणि सॉफ्टवेअर हे दोन्ही मुद्दे एकाच गोष्टीने निकालात निघतात. सुरुवातीला एएमडी इंटेलच्याच रचनेच्या चिप्स बनवत असे, हे खरे. पण आयबीएम या संगणक कंपनीला आपल्या पीसीसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते, म्हणून १९८२ मध्ये दोन्ही कंपन्यांत तसा करारच झाला होता. १९९१ मधला एएमडीचा ३८६ हा प्रोसेसरही इंटेलच्या ३८६ वरूनच बेतलेला होता, हेही मान्य. पुढचा भाग मात्र संदेशात नाही. ३२ बिटांवरून ६४ बिटांकडे जाताना इंटेलने इटॅनियम ही सर्वस्वी वेगळी रचना पुढे आणली, तर जुने प्रोग्रॅम आहेत तसे चालावेत म्हणून एएमडीने जुन्या एक्स८६ सूचनासंचाचाच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या संचाचाच, विस्तार केला. २००३ मध्ये एएमडीचे ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ हे प्रोसेसर बाजारात आले आणि २००४ मध्ये इंटेलने तोच विस्तार आपल्या प्रोसेसरांत घेतला. याचा पुरावा भाचीच्या नव्या लॅपटॉपमध्येच आहे. रविवारी मी तिला विंडोजच्या फोल्डरातले ‘विनएसएक्सएस’ उघडायला सांगितले, तेव्हा इंटेलच्या त्या यंत्रावर ‘एएमडी६४’ने (विंडोज या विस्ताराला याच नावाने ओळखते) सुरू होणारी नावे एकाखाली एक दिसू लागली. भाची बराच वेळ खाली खाली जात राहिली, तरी यादी संपेना. हा विस्तार ज्यांनी घडवला, त्यांच्याच चिपवर ऑटोकॅडसारखे आराखड्यांचे सॉफ्टवेअर चालत नाही, असे मुलांना सांगणे हे निव्वळ खोटे आहे.

तापण्याच्या मुद्द्यात थोडे तथ्य होते. २००१ च्या सुमारास एएमडीच्या ॲथलॉनवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) निघाला तर चिप खरोखर जळत असे, आणि एएमडीचीच २०११ ची बुलडोझर मालिका वीजही भरपूर खायची. पण रायझन २०१७ मध्ये आला, आणि त्याची रचना मुळापासून वेगळी आहे. उलट २०२४ मध्ये वाढीव व्होल्टेजमुळे बिघडत असल्याचे उघड झाले, ते इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर होते. त्यांची वॉरंटी इंटेलनेच दोन वर्षांनी वाढवली.

गिगाहर्ट्झचा मुद्दा तर इंटेलनेच खोडून काढला आहे. आपल्या पेंटियम ४ या प्रोसेसरला ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेल्यावर कंपनीने ती रचना सोडली आणि २००६ मध्ये त्याहून कमी गिगाहर्ट्झचा, तरीही अधिक वेगवान कोअर २ आणला.

भाचीच्या त्रिमितीय आराखड्यांना ८ जीबी रॅम आताच अपुरी पडते आहे. शनिवारी आम्ही रॅम वाढवून घ्यायला जाणार आहोत. पहिलाच लॅपटॉप घेतला असता तर हा खर्च करावा लागला नसता.