वाटाणा पेरू नका, डेक बनवा

सिनेमा करताय? छान. पटकथा लिहून झाली असेल तर आधी ती कपाटात ठेवून द्या. इथून पुढे ती कोणी वाचणार नाही. प्रोड्युसरला पाठवायचा असतो तो डेक, म्हणजे पैसे मागण्यासाठी केलेलं स्लाइडचं सादरीकरण. वीस-बावीस स्लाइड, काळी पार्श्वभूमी, आणि पहिल्या पानावर पाठमोरा उभा असलेला एक माणूस. माणूस कोण, हे तुम्हालाही ठाऊक नसलं तरी चालतं.

मग मूडबोर्ड, म्हणजे सिनेमा कसा दिसेल ते सांगणारी उसनी चित्रं. तुमची गोष्ट माण तालुक्यातल्या पाण्याच्या टँकरची आहे, हे मान्य. म्हणून काय डेकमध्ये टँकर दाखवणार? कोरियन सिनेमातलं धुकं लावा, इराणी सिनेमातली वळणावळणाची वाट लावा आणि खाली लिहा, ‘मातीतली गोष्ट’. कलाकारांच्या पानावर दोन-तीन मोठे चेहरे टाकून कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘बोलणी सुरू’ असं घाला. यात खोटं काही नाही. तुम्ही व्हॉट्सॲप केलेला आहे, निळी टिकही आलेली आहे. बोलणी तुमच्या बाजूने सुरूच आहेत.

खरी प्रतिभा लागते ती आकड्यांना. तिथे ‘सैराट’ हवाच. २०१६ साली एक मराठी सिनेमा शंभर कोटींच्या घरात गेला, म्हणजे तुमचाही जाणार, यात न समजण्यासारखं काय आहे? त्याच काळात शुक्रवारी लागून पुढच्या गुरुवारी उतरलेल्यांची स्लाइड करायची पद्धत नाही. पुढचा हिशेब तर शाळकरी पोरही करील. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख. फक्त एक टक्का लोकांनी १५० रुपयांचं तिकीट काढलं तरी १६ कोटी ८४ लाख! ‘फक्त’ हा शब्द ठळक करा. त्यातून जीएसटी, थिएटरवाल्याचा वाटा, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन आणि पब्लिसिटी वजा जाते, असल्या अशुभ गोष्टी मुहूर्ताआधी बोलू नयेत. शो सकाळी सव्वानऊचा मिळतो, हे तर मुळीच नाही. शासनाचं अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, समितीने बघून दर्जा दिल्यावर मिळतं. डेकमध्ये मात्र ते ‘अ’ दर्जाचं आणि जमा झालेलंच धरावं.

फाळक्यांना यातलं काही सुचलं नाही. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि गृहस्थाने केलं काय, तर कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण करून त्या रोपाची वाढ मिनिटभराच्या फिल्ममध्ये दाखवली. ती बघून यशवंतराव नाडकर्णींनी तारणावर कर्ज दिलं, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ना लॉगलाइन (एका ओळीतली गोष्ट), ना टार्गेट ऑडियन्स. पडद्यावर हलणारं काहीतरी दाखवून पैसे मागायचे म्हणजे जरा गावंढळच. आज कोणी असं रोप दाखवलं तर पहिला प्रश्न येईल, ‘ह्यात हिरॉईन कुठाय?’

डेक तयार झाला की तो घेऊन प्रोड्युसर, म्हणजे एखाद्या बिल्डरकडे जायचं. माझा अनुभव सांगतो. पुण्यातलं ऑफिस, दीड तास सोफ्यावर, दोन चहा. शेवटी साहेबांनी डेक फोनवरच उघडला आणि अंगठ्याने वर ढकलायला सुरुवात केली. धुकं गेलं. वाट गेली. दिग्दर्शकाचं मनोगत, जे लिहायला मला आठ दिवस लागले होते, ते तर डोळ्याची पापणी लवायच्या आत गेलं. १६ कोटी ८४ लाखसुद्धा गेले. लोकेशनच्या पानावर मात्र अंगठा थांबला. माझ्या मामांचा वाडा होता तो, चौसोपी, मागे आड आणि चिंच. साहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मी सावरून बसलो.

“टायटल क्लिअर आहे ना?”

“हो सर,” मी म्हणालो, “चित्रपट महामंडळात रजिस्टर केलंय.”

“सिनेमाचं नाही हो,” साहेब म्हणाले, “वाड्याचं.”