जरा बाजूला व्हा, काका

परवा मला माझ्याच घराच्या दारात पन्नास रुपये बक्षिसी मिळाली. दिली ती एका नवरदेवानं, आणि वर बजावलं, "मालकाला सांगू नका."

मालकाला सांगायची गरजच नव्हती. तो नोट हातात धरून उंबरठ्यात उभा होता.

मागची हकीगत भराभर उरकतो, कारण ती हल्ली घरोघरची आहे. बावन्नाव्या वर्षी पुण्यातल्या कंपनीनं आमचं अख्खं खातं गुंडाळलं, केक कापला आणि 'नव्या सुरुवातीसाठी शुभेच्छा' असं छापलेला कॉफीचा मग हातात दिला. नागपुरात महाल नावाच्या जुन्या वस्तीतलं आमचं घर बाबा गेल्यापासून कुलपात होतं. म्हटलं, सुरुवातच करायची तर तिथून करू. बायको म्हणाली, "लेकीची बारावी होऊ दे. तू हो पुढे, राहण्याजोगं कर, मग बघू." यातलं 'मग बघू' तिनं जरा जास्तच स्पष्ट उच्चारलं होतं.

घर पणजोबांचं. दारावरच्या गणेशपट्टीखाली 'शके 1849' कोरलंय, म्हणजे 1927 साल. पणजोबा सी.पी. अँड बेरार, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात कारकून होते, आणि या एका गोष्टीचा आमच्या घराण्यावर फार खोल परिणाम झालाय. आमच्याकडे काहीही बिघडलं की त्याचं मूळ 1956 मध्ये सापडतं. 1956 साली नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या मुंबईला गेल्या, मोठे काका बदलीवर गेले, माडीवर भाडेकरू आले, भाडेकरूंनी मोरी फोडली, मोरीचं पाणी भिंतीत मुरलं. आजही स्वयंपाकघराची भिंत ओली दिसली की आमच्या आत्या राज्य पुनर्रचना आयोगावर घसरतात.

तर दार. सागाचं, दोन फळ्यांचं, पितळी कड्यांचं, आणि त्यावर ऑइलपेंटचे थर. घरातल्या प्रत्येक लग्नाला एक थर, असा हिशेब असावा. सुतारानं ते घासून पॉलिश करायचा असा आकडा सांगितला की मी विचारलं, एवढ्यात नवं दार येईल का? तो म्हणाला, "दोन येतील. फ्लशडोअर घ्या नं." म्हणून मग पत्री आणि पॉलिशपेपर आणून मी स्वतःच बसलो. पत्री कोपऱ्यात घातली की आधी पोपटी पापुद्रा सुटतो, त्याखाली निळा, त्याखाली मातकट चॉकलेटी, आणि तोही निघाला की एकदम सागाचा तेलकट वास येतो. त्या वासासाठी मी सकाळचे पोहे सोडून दारापुढे बसत असे. तर्री पोहे सोडून. नागपूरकराला यापुढे काही सांगायला नको.

एप्रिलची सुरुवात, रविवार, सकाळचे साडेआठ, तरी ऊन चढलेलं. अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, भुवयांवर पोपटी भुकटी. अशा अवस्थेत मागून आवाज आला, "भैया, मालिक है क्या?"

नागपुरात दोन मराठी माणसं निदान चार वाक्यं एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि मग ओशाळून मराठीवर येतात. मी एक वाक्य वाचवलं. म्हटलं, "मीच आहे."

पंचविशीचा दाढीवाला, गळ्यात दोन कॅमेरे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, कुणी खरोखरीचं बाहेर येतंय का ते. कुणी आलं नाही. "अरे, मराठी हाय का काका! मग काय टेन्शनच नाही. मालकाले विचारणार होतो, पण जाऊ द्या, धाच मिनटाचं काम हाय."

त्याच्यामागे गल्लीतून वरात येत होती. नऊवारीतली मुलगी एका हातानं काष्टा आणि दुसऱ्या हातानं मोबाइल सांभाळत होती. मुलगा धोतर, फेटा, गॉगल. एक पोरगं बॅगा घेऊन. लग्नाआधीचं शूटिंग, थीम 'वाडा'.

फोटोग्राफर दाराजवळ आला आणि किंचाळला. "काका! हे कायले खरडून राहिले?"

"पॉलिश करायचंय."

"नका ना बाप्पा! हेच तं पाहिजे." त्यानं पोपटी पोपड्यावरून इतक्या मायेनं बोट फिरवलं की मी पत्री मागे घेतली. "हे टेक्चर पाहा. असं भेटत नाही, काका. लोक पैसे देऊन बनवून घेतात. तुमच्याकडे फुकटचं हाय अन् तुम्ही काढून फेकून राहिले."

"ते काढण्यासाठीच मी आठवडाभर..."

"डावीकडचं खराब झालं ते झालं," तो म्हणाला. माझी आठवडाभराची मेहनत म्हणजे डावीकडचं. "आपण उजवीकडून घेऊ. उजवीकडचं असंच ठेवा. कधीच हात नका लावू."

मुलगी म्हणाली, "किती गोड आहे ना! मला तर असंच घर हवं होतं."

मुलगा दचकला. "राहायला?"

"राहायला नाही रे. फोटोला."

एवढी स्वच्छ बोलणारी मुलगी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. आमच्या नातेवाइकांना हेच म्हणायला तीस वर्षं आणि तीन वकील लागले.

मला 'जरा बाजूला' व्हायला सांगण्यात आलं. झालो. 'अजून जरा' झालो, तेव्हा गटारावरच्या फरशीवर पोचलो होतो. मग बॅगवालं पोरगं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, आणायला गेलं, ते गेलंच. तेव्हा एक चांदीच्या कागदाची भलीमोठी थाळी माझ्या हातात आली. "काका, हे जरा धरता का? ऊन पकडा. खाली. अजून खाली. तोंडावर मारा. माह्या नाही, वहिनीच्या!" मी ऊन पकडलं. आयुष्यात तीन प्रकल्प वेळेआधी पूर्ण करून दिलेला माणूस मी; ऊनही नीट पकडलं. "काका, तुमची सावली येऊन राहिली." सावली आवरली. समोरच्या काकू गॅलरीत खुर्ची घेऊन बसल्या होत्या, त्यांनी वरून सांगितलं, "डावा हात वर कर रे!" त्या मला मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून ओळखतात. मी घरमालक आहे हे त्या एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "चांगलं चाललं होतं नं, मधे कायले बोलू?"

आणि मग त्या दाढीवाल्याला कल्पना सुचली. त्यानं मला दोन बोटांच्या चौकटीतून पाहिलं. "काका, तुम्हीच या नं आत. एक शॉट. जावई सासुरवाडीले येते, अन् घरातला जुना म्हातारा गडी दार उघडते. एकदम व्हिंटेज. कपडे नका बदलू! हेच बरोबर हाय."

'म्हातारा' आणि 'गडी' यातलं जास्त काय लागलं हे मी अजून ठरवतोय. बावन्न म्हणजे काय वय आहे? माझ्या वयाची माणसं क्रिकेटच्या समित्यांवर तरुण नेतृत्व म्हणून येतात. पण खरी अडचण अशी, की ते दार दुसऱ्या कुणाला उघडेना. नवरदेवानं खांदा लावून पाहिला. त्या दाराची उजवी फळी थोडी उचलायची, पायानं खाली रेटायची आणि मग ओढायची असते. हे तंत्र आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आलंय. वारशात निर्वेध मिळालेली तेवढी एकच गोष्ट. मी उघडलं. "मान खाली, काका! हसू नका. तुमाले हसायचा हक्क नाही ना त्या काळात." पुन्हा उघडलं. मी कुठल्या काळात उभा होतो कोण जाणे, पण उकाडा चालू काळातला होता.

जाताना ती पन्नासची नोट. घेतली मी. गेली शंभर वर्षं या दारानं आमच्या घराण्याचे पैसे नुसते खाल्ले. त्यानं मिळवलेली ही पहिली रक्कम, ती परत करायची माझी छाती झाली नाही. काकूंच्या मते शंभर मागायला हवे होते.

आता फोटोवाल्याचं सोडा, तो निदान दाराचं कौतुक तरी करत होता. आमचा मिस्त्री भिंतीला शत्रू समजतो. त्याला मी समजावतो की ही विटा-चुन्याची भिंत आहे, जमिनीतला ओलावा ओढते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की तो ओलावा आत कोंडतो, वर चढतो, लोणा फुटतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा विटेची साल घेऊन खाली येतो. म्हणून कळीचा चुना आणायचा, भिजवून महिनाभर पाण्याखाली मुरवायचा, मग वाळू आणि विटांची सुरखी घालून मळायचा. जुने लोक त्यात बेलफळाचं पाणी आणि गूळही घालत. मिस्त्री हे सगळं शांतपणे ऐकतो, पन्नीतला खर्रा तळहातावर घोटत. त्या खर्ऱ्यात चुना किती आणि कसा पडायला हवा याबद्दल त्याची मतं माझ्यापेक्षा कडक आहेत; कमी पडला तर तो पानठेल्यावर परत जातो. भिंतीचा विषय निघाला की म्हणतो, "भाऊ, शिमिटानं ठोकून देऊ नं. तीन दिवसांत मोकळे." आणि एकदा फारच कळवळून म्हणाला, "राजाचा वाडा राहिला नाही, तुमचा काय राहते?" भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा राजवाडा 1864 साली जळाला, हे त्याला ठाऊक होतं. एवढा इतिहास माहीत असलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड असतं.

भोसल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिसरे रघूजी 1853 साली वारस न ठेवता गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला भोसल्यांचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. वारस नसल्यानं फक्त राज्य जातं. वारस असले की काय होतं ते मला विचारा. आमच्या घराच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून पणजोबांचं नाव आहे. ते खाली आजोबांवर, मग काकांवर, आत्यांवर आणि त्यांच्या मुलांवर आणायचं, मग प्रत्येकाकडून हक्कसोडपत्र घ्यायचं, ते नोंदवायचं, तेव्हा कुठे फेरफार. आत्यांचा हक्क आहेच, आणि त्यांनी तो सोडावा असं मी म्हणणारही नाही. त्या निदान फोनवर घराबद्दल रडतात तरी. वैताग आहे तो चुलतभावांचा. त्यांच्यात कुणी सही करणार नाही, कुणी विकत घेणार नाही, कुणी विकणार नाही, आणि छपराला एक रुपया देणार नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र दर रविवारी वाड्याचा जुना फोटो येतो. खाली बदाम, हात जोडलेले, 'त्या बंगईची सर कशालाच नाही'. ती बंगई, म्हणजे झोपाळा, माझ्या पैशांनी नव्या कड्यांवर टांगली आहे. तिला बदाम आला नाही.

तर ते जावयाचं रील चार दिवसांत नागपूरभर फिरलं. बंगलोरहून दादाचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिला. मला वाटलं विचारेल, कसा आहेस, पैसे पुरतायत का. तो म्हणाला, "घर शूटिंगला देतोस म्हणे. रेट काय आहे?" मी खरं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, पण ते गप्प बसणं भागाकाराचं होतं हे मला ऐकू आलं. "रक्कम किती हा प्रश्न नाही," तो म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, तत्त्वाचाच असेल तर माडीवरचे कवेलू बदलायचेत, वानरांनी निम्मे फोडलेत, मृगाच्या आत व्हायला हवं, तुझे किती धरू? तो म्हणाला, बदल ना, लवकर बदल, नुकसान व्हायला नको.

मग म्हणाला, की त्यानं घराचा नकाशा काढून ठेवलाय, वाटण्यांचा, नुसता आपला अंदाजे. पाठवतो म्हणाला. पाठवला. ओसरी, चौक, दर्शनी दार आणि बंगई त्याच्याकडे. गळकी माडी, ओली भिंत आणि मोरी माझ्याकडे. खाली लिहिलं होतं, 'तू तिथेच राहतोस, तुला सोयीचं पडेल.'